पडवीतले तीन दिवस

"मी बाहेरची झाल्ये," वासंती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली.

यमुनाबाई देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. चिंचेचा चोथा ताम्हनावर फिरवत म्हणाल्या, "आजच? परवा व्हायची होतीस ना ग तू?"

"झाल्ये खरी."

"बरं. उमेला लांबूनच हाक मार. आणि काल भिजवलेल्या वालांना हात लावला नाहीस ना? नाहीतर फेकायला लागतील."

"रात्रीच भिजवले होते, आई. ते चालतील."

सासूचा एक सुस्कारा ऐकून वासंती मागच्या पडवीत आली. कोपऱ्यात तिचं गोणपाट गुंडाळून ठेवलेलं होतं. शेजारी एक पाट, वेगळा तांब्या, वेगळं ताट. तिने गोणपाट पसरलं, भिंतीपासून वीतभर पुढे मांडी घातली, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. पोफळींच्या शेंड्यांवरून रात्रीचा पाऊस अजून टपटपत होता. एक. दोन. तीन.

श्वास मोजता मोजता तिच्या मनात आलं, हे चौथ्यांदा. वैशाखानंतर तिला काहीच झालेलं नव्हतं. सेहेचाळिसावं वर्ष लागलं आणि ते आपलं आपण थांबलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. दर महिन्याला तारीख आली की ती उंबऱ्याबाहेर उभी राहून तेच वाक्य म्हणत होती.

याची सुरुवात झाली तीन वर्षांपूर्वी, शेवडेबाईंच्या योगवर्गात. शेवडेबाई शाळेतून निवृत्त होऊन वर्षभर नाशकाला राहिल्या आणि योग शिकून आल्या. खालच्या आळीतल्या दत्ताच्या देवळात त्यांनी बायकांसाठी सकाळी सहा ते सात वर्ग काढला. वासंतीची कंबर धाकट्या चिमाच्या बाळंतपणापासून दुखत होती, रात्री झोप लागत नव्हती, आणि कुणी मोठ्याने बोललं की डोळ्यांत पाणी येत होतं. शेजारच्या येसूबाई तिला ओढूनच घेऊन गेल्या.

बारा दिवस गेली ती. पहाटे साडेतीनला उठून पाणी भरायची, कणीक मळायची, भाजी फोडणीला टाकायची, आणि सहाला देवळात. पहिल्या दिवशी शवासनात शेवडेबाई म्हणाल्या, "आता काही करायचं नाही." हे वाक्य लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत तिला कुणीच म्हटलेलं नव्हतं. ती तशीच पडून रडली. कुणाला कळलं नाही, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

घरात मात्र चहा सव्वासहाचा सव्वासातावर गेला. चिमाची वेणी एक दिवस तशीच राहिली. गोपाळरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, जेवताना विचारलं, "कपालभाती झाली. आता आमचा आमटीभात कधी?" सगळे हसले. वासंतीसुद्धा हसली. बाराव्या दिवशी यमुनाबाईंनी देवपूजेच्या वेळी नुसतं एवढंच विचारलं, "फुलं कोण काढतंय हल्ली आपल्याकडे?" तेराव्या दिवशी वासंती गेली नाही.

मग तिने घरातच जमवून पाहिलं. दूध तापेपर्यंत एका पायावर उभं राहायचं. कुकरच्या शिट्टीपर्यंत श्वास मोजायचे, तर पंधरावर पोचेस्तोवर कुणीतरी "आई, माझा कंपास?" म्हणून यायचं. एकदा संध्याकाळी माजघरात शवासन घातलं, तर चिमा किंचाळत सुटली आणि यमुनाबाई धावत आल्या. "तिन्हीसांजेला प्रेतासारखी काय पडत्येस ग! लक्ष्मी यायची वेळ ही!"

त्याच महिन्यात एकदा बाजूला बसलेली असताना तिला शेवडेबाईंचं सांगणं आठवलं. त्या दिवसांत आसनं करू नयेत, पण स्वस्थ बसायला कोण अडवतंय? ती बसली. पंधरा झाले, पन्नास झाले, एकशे आठ झाले, कुणीच आलं नाही. कोण येणार? तिच्या हातचं काही चालत नव्हतं, तेव्हा तिला हाक मारून उपयोग नाही हे घराला पक्कं माहीत होतं. ज्या गोणपाटावर बसायची तिला तेवीस वर्षं लाज वाटली होती, त्याची ती वाट पाहू लागली. तीन दिवस. चौथ्या दिवशी न्हायचं आणि पुन्हा घाण्याला जुंपून घ्यायचं. पण त्या तीन दिवसांवर उरलेले सत्तावीस निघायचे. कंबर दुखायची थांबली. झोप लागू लागली. घर म्हणालं, वासंती हल्ली शांत झाल्ये.

आणि वैशाखात ते थांबलं.

गंमत बघा, गोपाळरावांना रक्तातल्या साखरेसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून सगळं घर त्यांच्या चालण्याभोवती फिरलं. पहाटे पाचला ते मांडवीच्या समुद्रावर जात, साडेसहाला येत. त्यांचे बूट पुसून दाराशी ठेवलेले असत. आल्यावर मेथीचं पाणी. कुणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी उमा कॉलेजातून आली ती तापलेलीच. थोरली ही, अकरावीला होती. वक्तृत्व स्पर्धेला तिने स्त्रीमुक्ती विषय घेतला होता. आजीने आईचं ताट काठीने पडवीत सरकवलेलं पाहून तिने दप्तर आपटलं.

"आजी, आई काय कुत्री आहे का ग?"

"जीभ आवर," यमुनाबाई म्हणाल्या. "कॉलेजात जात्येस म्हणून तुला मोकळीक दिल्ये, ती पुष्कळ झाली."

"बाबा, तुम्ही तरी बोला!"

गोपाळराव पेपरातून म्हणाले, "आजीच्या डोळ्यांदेखत हे चालायचंच, उमे. तुझ्या घरी तू बदल."

उमा पडवीच्या दारात आली. डोळ्यांत पाणी होतं. "आई, तू उठ. ये आत. बघू कोण काय करतंय!"

"राहू दे ग," वासंती घाईने म्हणाली. "मला काही त्रास नाही."

"तुझ्यासारख्या बायकांमुळेच चालतं हे सगळं," उमा म्हणाली आणि पाय आपटत गेली. वासंतीने घास घेतला. ते वाक्य खरं होतं, आणि उमेला माहीत होतं त्याच्यापेक्षा पुष्कळच जास्त खरं होतं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासणारी सोनूबाई पाण्याच्या दगडी डोणीपाशी बसली होती. तिने राख हातावर घेतली, आत एकदा पाहून घेतलं आणि हळूच म्हणाली, "वैनी, येक सांगू?"

"काय ग?"

"गोठ्यामागल्या दोरीवर चार महिनं काय वालत नाय."

वासंतीने गोठ्याकडे पाहिलं. आपली वस्त्रं आपण धुऊन त्या दोरीवर टाकायची रीत होती. तिला ते सुचलंच नव्हतं.

सोनूबाई खुदकन हसली. "मी कोनाला बोलू? बसा, बसा. आमच्यात बसाय नाय गावत. शेतात कोन जाईल?" मग तवा घासता घासता म्हणाली, "पन चार फडकी वली करून टाकीत जा. म्हातारीची नजर लय बारीक हाय."

वासंतीने त्याच दुपारी तीन फडकी भिजवून दोरीवर टाकली. ती टाकताना तिला आपलीच शरम वाटली. पण टाकली.

तिसऱ्या दिवशी पहाटे गोपाळराव मांडवीला गेले. मुली पुढच्या माळ्यावर गाढ झोपलेल्या. यमुनाबाईंची आंघोळ होऊन त्या ओलेत्याने विहिरीवर स्वयंपाकाचं पाणी काढत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय. एरवी ते काम वासंतीचं. रहाटाचा आवाज तिला ऐकू येत होता. एकदा आला, दुसऱ्यांदा आला. तिने डोळे मिटले. साठ. एकसष्ट.

कळशी जांभ्याच्या पायऱ्यांवरून घणघणत खाली आली.

बासष्ट, वासंतीने मोजलं. त्रेसष्ट. या तीन दिवसांत घरातला कुठलाच आवाज तिच्यासाठी नसे, ती सवयच लागली होती. मग "अगं आई ग!" अशी हाक आली आणि तिने डोळे उघडले.

शेवाळलेल्या पायरीवर यमुनाबाई आडव्या पडल्या होत्या. एक पाय भलतीकडेच वळला होता. वासंती धावली, दोन्ही हात पुढे करून वाकली.

"शिवू नकोस!"

"अहो आई, पाय बघा तुमचा!"

"सोवळ्यात आहे मी. शिवू नकोस म्हणत्ये ना! गोपाळला बोलाव."

"ते मांडवीला गेलेत."

"मग येईल तो. तोवर पडत्ये मी अशीच." म्हातारीचे दात वाजत होते. ओठ पांढरे पडले होते. अंगावरचं ओलं लुगडं पायरीला चिकटलं होतं.

वासंतीचे हात पुढे केलेले तसेच राहिले. त्यांना शिवू नये असं तिच्या अंगाला काहीही झालेलं नव्हतं. गोपाळराव यायला पाऊण तास होता. ती गप्प राहिली असती, तर कुणी तिला दोष दिला नसता. रीतच होती ती. तिने एकदा वळून पडवीकडे पाहिलं. गोणपाट पसरलेलं होतं.

"मी बाहेरची नाही, आई," ती म्हणाली. "वैशाखापासून नाही."

यमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या दुखण्यातही नीट, वेळ घेऊन पाहिलं. मग त्यांनी आपला हात उचलला आणि सुनेच्या गळ्यात टाकला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सिव्हिलमधून आठ दिवसांनी घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, या वयात पुन्हा चालणं कठीण. न्हाणीघर जवळ म्हणून खाट मागच्या पडवीतच टाकायची ठरली. खाट यायच्या आधी वासंतीने गोणपाट उचललं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तिच्या बसण्याची जागा गुळगुळीत, जराशी खोल झाली होती. तिने पोपडे काढले, शेणकाला केला आणि सगळं एकसारखं सारवून घेतलं.

"आता हे बाहेर बसणं बंद," गोपाळरावांनी जाहीर केलं. "आईचं करायचं कुणी? काळाप्रमाणे बदलायला हवं." उमेने आईला मिठीच मारली. "सुटलीस तू, आई!" स्पर्धेत तिने हे सगळं सांगितलं, आपल्या घरातली रीत कशी मोडली ते. टाळ्या थांबत नव्हत्या म्हणे. पहिलं बक्षीस आलं. वासंतीला ऐकायला जाता आलं नाही. यमुनाबाईंना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे.

पायरीवरचं ते वाक्य यमुनाबाईंनी कुणालाही सांगितलं नाही. वासंती रोज वाट पाहत होती. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. एका दुपारी ती त्यांचे केस विंचरत असताना म्हातारी पोफळींकडे बघत म्हणाली, "माझं चव्वेचाळिसाव्या वर्षीच गेलं होतं."

वासंतीची फणी थांबली.

"सासूबाईंना मी सत्तेचाळिसाव्याला सांगितलं. तीन वर्षं बसल्ये मी इथे. याच कोपऱ्यात."

"काय करायचात?" वासंतीने विचारलं.

"करायचंय काय? पाठ टेकायची. पोफळी मोजायच्या. एकशे बारा होत्या तेव्हा."

वासंतीला हसू आलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ती पुढे वाकलीही. तेवढ्यात यमुनाबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

"पण माझ्या वेळी कुणी पडलं नाही ग," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या अडीच वर्षं जगल्या. तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्या काळात दर शनिवारी पडवी सारवायची असे. खाट हलवता येत नव्हती, म्हणून वासंती शेणाची पाटी घेऊन खाटेखाली सरपटत जाई. तिथे ताठ बसता येत नसे, डोकं खाटेच्या सुंभाला लागे. तरी एका शनिवारी तिने भिंतीपासून वीतभर जागा सोडली आणि वाकल्या अंगाने का होईना, मांडी घातली. हात शेणाने भरलेले होते, ते तसेच गुडघ्यांवर उताणे ठेवले. वर म्हातारीचा श्वास घरघरत होता. एक. दोन.

"आई, माझा डबा!" आतून चिमा ओरडली.

तीन.

"झालं का ग?" वरून यमुनाबाईंनी विचारलं.

"झालं," वासंती म्हणाली. तिने त्या जागेवरून ओला हात फिरवला, आणि पाटी ओढत ती मागे मागे सरकत बाहेर आली.