दोन नंबरचा कंट्रोलर

आमच्याकडे सध्या एक जपानी पाहुणा राहतो. लाल-पांढरा, जेवणाच्या डब्याएवढा, वयानं माझ्याहून बराच मोठा. नाव फॅमिकॉम. बाबा रास अल खोरला जुन्या सामानाच्या दुकानात एअर फ्रायर आणायला गेले आणि हा व्हिडिओ गेम घेऊन आले.

बाबांच्या शाळेच्या दिवसांत चिंचवडला एका मित्राकडे अगदी असाच होता. कंट्रोलर दोन, दोन्हींच्या वायरी यंत्रातूनच निघालेल्या. बाबांना कायम दोन नंबरचा मिळायचा. त्याला स्टार्टचं बटण नसतं, त्याऐवजी छोटा माइक असतो. म्हणजे खेळ कधी सुरू करायचा ते दुसरा ठरवणार, तुम्ही फक्त बोलायचं. पुढे लग्न झाल्यावर बाबांना फार काही नवीन शिकावं लागलं नसणार.

अडचण एवढीच की चित्र येईना. जपानी वीज शंभर व्होल्टची, म्हणून बाबांनी कुकरएवढा ट्रान्सफॉर्मर आणला. तरी पडदा निळाच. यंत्र ज्या चॅनेलवर चित्र पाठवतं, तो आमच्या टीव्हीला माहीतच नाही. शेवटी बाबांनी यंत्राची टीव्हीत जाणारी वायर काढली आणि खिडकीच्या गजाला गुंडाळली. त्यांच्या पिढीचा अँटेनावर फार विश्वास.

"शनिवारपर्यंत चित्र दिसलं तर ठेवा," आई म्हणाली. "नाहीतर बर दुबईला जाताना वाटेत परत द्यायचा. खलास."

"दिसेल, इन्शाल्ला," बाबा म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होतो.

शनिवारी सकाळी आई आणि मी गाडीत जाऊन बसलो. दुबईतल्या आमच्या घराची रचना अशी की गाडी हॉलच्या खिडकीलाच टेकते. बाबा "आलोच" म्हणून आतच राहिले. आईनं रेडिओवर स्टेशन शोधायला घेतलं. आकडे पळाले, पंच्याण्णवच्या आसपास थांबले, आणि गाडीत बाबा बोलू लागले.

"हे बघ, शेवटची संधी आहे. मनावर घे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी स्टिअरिंगकडे पाहिलं.

"हेमा वाईट नाहीये रे," रेडिओ म्हणाला. "तिला वाटतं मी ऐकत नाही. सगळं ऐकतो. उत्तर जुळवेपर्यंत तिचा पुढचा मुद्दा आलेला असतो. रिटायर झाल्यावर पुण्याला जाऊ म्हणते. जाऊ की. मला दुबई-पुणे सगळं सारखंच, ती असली म्हणजे झालं. पण हे तोंडावर कसं म्हणायचं? म्हणेल, आधी कचरा टाकून या."

"म्हटलं असतं मी," आई हळूच म्हणाली.

मी फोनवर शोधलं. जपानचा तो चॅनेल इथल्या एफएमच्या पट्ट्यात येतो. टीव्हीला न सापडलेलं यंत्र आमच्या गाडीला माइकसकट सापडलं होतं.

"मम्मा, डॅड इज ऑन एफएम."

"गप बस. आवाज वाढव."

पण आवाज बंदच झाला. थोड्या वेळानं बाबा बाहेर आले. यंत्र दोन्ही हातांवर, वायरी लोंबत, चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा.

"चला," ते म्हणाले. "नाही आलं चित्र."

"आत ठेवा ते."

"अगं, पण शनिवार..."

"कॅलेंडर बघता येतं मला. होतं तिथेच ठेवा, खिडकीत. आणि ती वायर गजावरून काढायची नाही."

बाबांनी कारण विचारलं नाही. मिळालेल्या गोष्टीचं कारण विचारू नये, हे त्यांना दोन नंबरच्या कंट्रोलरनं शिकवलंय.

आता दर शनिवारी बाबा यंत्र 'दुरुस्त' करायला बसतात आणि आई थर्मास घेऊन 'गाडीचा एसी बघायला' जाते. बाबांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मध्यंतरी त्यांनी यंत्राला सांगितलं की दोडका आता सहन होत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे दोडका बंद झाला.

बाबांच्या मते यंत्र जागृत आहे. परवा त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नेमकं माइकवर. शनिवारी आवाज जरा बसका आला, तर आईनं मला ओला कपडा देऊन आत पिटाळलं.