आंदणाच्या शेळ्या

तनुजानं मारलेला पहिला दगड चुकला. दुसरा तांबड्या कुत्र्याच्या कमरेत बसला, तरी त्यानं शेळीची मांडी सोडली नाही. मग तिनं दगडांचा नाद सोडला, पदर कमरेला खोचला आणि काठी घेऊन सरळ त्या घोळक्यात शिरली.

"सोड! सोड, मुडद्या!"

पाच-सहा कुत्री होती. दोन शेळ्या बें बें करत उसाच्या कडेला पळाल्या होत्या, तिसरी खाली पडली होती आणि तिच्या पोटाखाली एवढंसं करडू चिरकत होतं. पाटाच्या भरावावरून मोटारसायकलवाला एक बाप्या चालला होता. तो थांबला, मोबाइल काढून त्यानं व्हिडिओ घेतला आणि निघून गेला. तनुजानं त्याच्याही नावानं एक कचकचीत शिवी हासडली. तांबड्याच्या तोंडावर काठी बसली तेव्हा कुठं तो बाजूला झाला. तेवढ्यात दुसऱ्यानं करडू उचललं आणि खदानीकडं पळ काढला. ती त्याच्या मागं धावली. खदानीच्या तोंडाशी कुत्र्यानं करडू टाकून दिलं, पण त्यात आता काही उरलं नव्हतं.

तिनं ते ओच्यात घेतलं. बाकीच्या दोघींना पुढं घालून, मांडी फाटलेल्या शेळीला थोडं उचलून, थोडं चालवत ती घरापाशी आली, तेव्हा तिचा स्वतःचा परकर गुडघ्यापर्यंत रक्तानं भिजलेला होता.

सासरा पुंजाराम ओट्यावर मोबाइल बघत बसला होता. तो लगबगीनं उठला.

"बिबट्या?"

"कुत्री व्हती मामा. खदानीतली."

"बिबट्याच असंल. कुत्री मान्साला भितेत."

"मह्या काठीला भ्याली म्हणून तं सोडली. बिबट्या असता तर मी इथं सांगायला आले असते का?"

पुंजारामला हे उत्तर आवडलं नाही. गेले पंधरा दिवस गावात ज्याला त्याला बिबट्या दिसत होता. कुणाला उसात, कुणाला स्मशानाच्या वाटेवर, एकाला तर म्हणे पाण्याच्या टाकीवर चढताना. पुंजारामला तो दोनदा दिसला होता, आणि दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा हातभर लांब झाला होता.

आतून सासू द्वारकाबाई कोमट पाण्याची बादली आणि साबणाची वडी घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं. द्वारकाबाईचं बोलणं म्हणजे दिवसभरात 'जेवून घ्या' आणि 'दार लोटा' एवढंच. ती खाली बसली आणि शेळीची जखम साबणानं धुऊ लागली. तनुजानं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो दुपारी आला, इंजेक्शन टोचून आणि टाके घालून गेला. शेळी जगेल म्हणाला.

डॉक्टरची गाडी वळते न वळते तोच पुंजारामनं मुलाला फोन लावला. सत्यम वाळूजच्या एका कारखान्यात होता आणि बजाजनगरला खोली करून राहत होता. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. पुंजारामनं फोनचा आवाज मोठा करून तो तनुजापुढं धरला.

"तनू, उन्हातान्हात कशाला फिरती तू? उद्या सरदारभाई व्यापारी येतेत लासूरहून. देऊन टाक शेळ्या," सत्यम म्हणाला.

"कामून?"

"अगं, बिबट्या आलाय. बाबा म्हणले, तशाबी तो खाणारच हाय. त्यापरीस गाडीत थोडी भर पडंल."

"कोन्ती गाडी?"



"चारचाकी," सत्यम म्हणाला. "जुनीच हाय, पण चांगली हाय. बाबांनी सांगितलं नाय का? दारात उभी करायला जागा पण लागंल. ते शेळ्यांचं वाडगं मोडावंच लागंल."

तनुजानं फोन सासऱ्याच्या हातात परत दिला. कुत्री आज आली होती. सरदारभाईचं मात्र आधीच ठरलेलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या शेळ्या तिच्या आंदणाच्या होत्या. अजिंठ्याच्या अंगाला तिचं माहेर. लग्नात तिच्या आईनं भांड्याकुंड्यांच्या टेम्पोत एक काळी पाट, न व्यालेली कोवळी शेळी, चढवून दिली होती आणि चार माणसांत सांगितलं होतं, ही माझ्या लेकीची, हिच्या वेतावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. त्या एकीच्या तीन झाल्या होत्या. बोकड विकला की तनुजा स्वतःच्या हातानं स्वतःला चपला घ्यायची, आईला औषध पाठवायची, आणि गेल्या वर्षी तिनं कुणाला न विचारता बारावीनंतरच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. घरात तिला जाच नव्हता. पण मागितल्याशिवाय मिळावं असं त्या घरात दुसरं काहीच नव्हतं.

"मी विकणार नाय मामा," ती म्हणाली.

"तुला कोणी इचारलं?"

"तेच तं म्हणते मी. कोणी इचारलं नाय."

असं म्हणून ती गोणीत करडू घालून फाट्यावर गेली. तिथं बन्सीचं चिकनचं दुकान होतं. गिऱ्हाइकं उभी होती. तनुजानं गोणी त्याच्या ठोकळ्यावर उपडी केली.

"ओ ताई! हे काय?"

"तुमच्या कुत्र्यांचं उष्टं."

"माझी नाहीत ती कुत्री."

"आतडी तुमची हायत ना? रोज खदानीत कोण टाकतं? त्याच्यावर पोसलेली कुत्री हायत ही. तुमचं दुकान बंद असलं की मह्या शेळ्या खातेत."

गिऱ्हाइकांतली एक म्हातारी म्हणाली, "खरंय पोरी, मही कोंबडी नेली त्यांनी." दुसरा म्हणाला, त्याच्या नातवाच्या मागं लागली होती. बन्सीनं एकदा म्हातारीकडं पाहिलं, एकदा ठोकळ्याकडं पाहिलं, आणि उद्यापासून खड्डा करून पुरतो म्हणाला.

"उद्या नाय, आज. मी संध्याकाळी बघायला येणार हाय," असं सांगून ती निघाली.

ती खरंच गेली, आणि बन्सीचा माणूस खरंच खड्डा खणत होता. घरी परतून ती बाभळीचे काटे आणू लागली. वाडग्याच्या कुडाला बाहेरून काट्यांचा वेढा घालायचा होता. काटा हातात घुसला की ती नुसती फुंकर मारायची आणि पुढचा फाटा ओढायची. बराच वेळ झाल्यावर तिला जाणवलं, की फाट्याचं दुसरं टोक कुणीतरी धरलं आहे. द्वारकाबाई होती. तिनं एक शब्द काढला नाही. तारेचा पीळ मात्र तिनं असा मारला, की वाडगं बांधायची तिला जुनी सवय असावी.

"आत्याबाई, तुम्ही तरी मामांना सांगा ना," तनुजा म्हणाली.

द्वारकाबाईनं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते तनुजाला कळलं नाही. तिला सासूचा राग आला. फाटे ओढायला येते आणि तोंड उघडायला नको, असलं कसलं बाई हे माणूस!

सकाळी सरदारभाईचा टेम्पो दारात आला. मेंदी लावलेली दाढी, पांढरा स्वच्छ सदरा, आणि बोलायला गोड. त्यानं टेम्पोचा फाळका पाडला आणि दावी खांद्यावर टाकून तो वाडग्याकडं वळला. वाडग्याच्या दाराला पाठ लावून तनुजा उभी होती.

"हो बाजूला," पुंजाराम म्हणाला.

"नाय."

"तमाशा करू नको. मानूस दारात आलाय."

"तुम्ही बोलावलाय, तुम्हीच लावून द्या."

सरदारभाई थांबला. त्यानं दावी खांद्यावरून हातात घेतली.

"भाऊ, घरात राजीखुशी हाय ना? हे बघा, बाई रडत असंल त्या घरचं जनावर मी उचलत नाय. धंद्यात बरकत राहत नाय."

"मी रडत नाय," तनुजा म्हणाली. "मी नाय म्हणते."

"पोरकट हाय ती. तुम्ही घ्या," पुंजाराम म्हणाला आणि घराकडं तोंड करून ओरडला, "अगं ए! हळदी-कुंकवाचं ताट आण. जनावरं निघालीत."

त्या घरातून विकलेलं जनावर कुंकू लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नसे, आणि कुंकू लावायचं काम द्वारकाबाईचं. तिनं बैलांना लावलं होतं, म्हशीला लावलं होतं. आज ती पिठाचे हात लुगड्याला पुसत रिकामीच बाहेर आली.

"ताट कुठंय?"

"आणत नाय."

पुंजारामला नीट ऐकू आलं नसावं, कारण त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. द्वारकाबाई त्याच्याशी बोललीच नाही. ती सरदारभाईकडं वळली.

"भाई, तुमचे अब्बा बी हाच धंदा करायचे ना? लासूरच्या बाजारात, चिंचेखाली बसायचे?"

"व्हय वैनी. अल्लाला प्यारे होऊन लई वर्सं झाली."

"मह्या बी दोन शेळ्या व्हत्या. आंदणाच्याच. सत्यम कडंवर व्हता तव्हा मी भाऊबीजेला माहेराला गेले. माघारी आले तं वाडगं रिकामं. ह्यांनी सांगितलं, लांडग्यानं नेल्या."

"जुनं कशाला उकरती आता?" पुंजाराम म्हणाला.

"मी लई रडले. जेवले नाय. लांडग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला." द्वारकाबाई एका लयीत बोलत होती, दळताना ओवी म्हणावी तशी. "मंग बाजाराच्या दिवशी लासूरला बांगड्या भरायला गेले. कासाराशी घासाघीस करत व्हते, अन् मागून शेळी वरडली. मी गप झाले. ती बी गप झाली. मी बोलले की वरडायची. वळून बघते तं मही चांदी. तुमच्या अब्बांच्या दाव्याला बांधलेली."

 टेम्पोतल्या दुसऱ्या गावच्या शेळ्या चुळबुळत होत्या.

"अब्बांना ठाऊक नसंल वैनी," सरदारभाई खाली बघत म्हणाला.

"त्यांना कशाला बोल लावू? त्यांनी तं इकत घेतली व्हती."

 पुंजारामनं डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"म्हणजे तुला तव्हापसून माहीत व्हतं?"

"व्हय."

"अन् मी पावण्यांना सांगायचो ते..."

"लांडग्याची शेपटी केवढी, डोळे कसे. मी आत चहा ठेवायचे."

तनुजाला एकदम हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. काल हिच्यावर आपण मनातल्या मनात किती चिडलो होतो! सासूच्या गळ्यात पडावंसं वाटलं तिला. पण दारावरची पाठ काढायची तिची तयारी नव्हती.

"मंग येवढी वर्सं बोलली कामून नाय?" पुंजाराम म्हणाला. आता त्याचा आवाज ओरडण्याचा नव्हता.

"कोणापाशी बोलू? मह्या बाजूनं वाडग्याच्या दारात कोण उभं व्हतं?"

असं म्हणून ती चालत आली आणि सुनेच्या शेजारी, काट्यांना खेटून उभी राहिली.

"आज दोघी हाव," ती म्हणाली.

सरदारभाईनं दावी गुंडाळली, टेम्पोत टाकली आणि फाळका वर करून कडी लावली. जाता जाता तो तनुजाजवळ थांबला.

"बेटी, बकरी ईदच्या टायमाला बोकड द्यायचा असला तं मला सांग. भाव तुझ्याशी करीन."

टेम्पो गेला. धूळ बसेपर्यंत पुंजाराम अंगणातच उभा होता. मग त्यानं मोबाइल काढला, सत्यमचा नंबर लावला, आणि तिकडून हॅलो आल्यावर काय सांगायचं ते न सुचल्यामुळं तो बंद केला. त्याला असं बघून तनुजाला क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच.

उन्हं अंगणात आली होती. तनुजानं वाडग्याचं दार उघडलं. जखमी शेळीला तिनं आतच ठेवलं आणि तिच्यापुढं शेवरीचा पाला टाकला. बाकीच्या दोघींना घेऊन ती पाटाकडं निघाली. गवत तिथंच होतं. कुत्री उद्या-परवा हटतील, आज तरी असणारच होती.

मागून पावलं वाजली. द्वारकाबाईनं लुगड्याचा काष्टा मारला होता आणि हातात ऊस तोडायचा कोयता घेतला होता.

"आत्याबाई, भाकरी राहिल्या ना टाकायच्या?"

"पीठ मळून ठेवलंय. ज्याला भूक लागंल तो थापंल."

पुंजाराम फाटकापर्यंत आला.

"नका जाऊ तिकडं," तो म्हणाला. "खरंच बिबट्या हाय. देवाशपथ, मी पाहिलाय."

आणि तो खोटं बोलत नसावाही. त्याचा चेहरा भ्यालेला होता, दोघींसाठीच भ्यालेला होता.

द्वारकाबाई थांबली, पण वळली नाही.

"असंल की," ती म्हणाली. "त्यो भुकंनं खातो. त्याच्यावर मही कायबी तक्रार नाय."

आणि तोंडानं शेळ्यांना चुचकारत ती भराव चढू लागली.