डाव्या वायरीखालचा ठोकळा

उंची चार बोटं, डोक्यावर एक खाच, आणि त्या खाचेत ठेवायला आता काहीच नाही. मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. स्पीकरची वायर जमिनीपासून वर उचलून धरणं, एवढंच माझं काम होतं.

दाराची चौकट करून जे लाकूड उरलं, त्यातून माझा जन्म झाला. सुताराने करवत चालवली, रंध्याने अंग सोललं, पटाशीने डोक्यावर खाच पाडली. एका लाकडाचे आम्ही आठ भाऊ. आम्हाला न्यायला आमचे घड्याळजी आले होते.

"वायरीला पलंग करून घेणारं पहिलंच गिऱ्हाईक," सुतार म्हणाला. "उशीपण देऊ का?"

"हसा, हसा. डाव्या बाजूचं गाणं हल्ली दबल्यासारखं येतं. माझा एक मित्र सांगतो, वायर जमिनीवर लोळली की फरशीची थरथर तिच्यात शिरते. उचलून बघतो."

"आणि उजव्या बाजूचं?"

"ते ठीक आहे. पण एकाला दिलं की दुसऱ्याला द्यावं लागतं. मुलांसारखंच."

अशी आमची वाटणी झाली. चार उजवीकडे, चार डावीकडे. मी डावीकडचा पहिला, स्पीकरला अगदी खेटून.

घड्याळजी एकटेच राहत. खिडकीशी टेबल, टेबलावर चिमटे, भिंगं आणि बिघडलेली घड्याळं. घड्याळ उघडण्याआधी ते कानाला लावत. टिकटिक लंगडते आहे, धापा टाकते आहे की अडखळते आहे, हे ऐकूनच त्यांना कळे. लांबून लोक येत ते या कानांसाठी. काम संपलं की ते खुर्ची मधोमध ओढत, तबकडी लावत आणि डोळे मिटत. आम्ही आलो त्या दिवशी गाणं ऐकून ते म्हणाले, "मोकळं झालं." रिकाम्या घरात ते कुणाला म्हणाले, कोण जाणे. मी ते माझ्यासाठीच ठेवून घेतलं.

रोज सकाळी ते मऊ फडक्याने आम्हाला पुसत. पाहुणा आला की कौतुकाने दाखवत. पण खरं सांगू? भाऊ हातभर अंतरावर, तरी हातभर लांबच. आम्हा चौघांच्या डोक्यावरून एकच वायर जायची, पण तिच्यातून आमचा निरोप कधी गेला नाही. दुसऱ्याचं गाणं डोक्यावर वाहायचं आणि गप्प राहायचं.

वर्षं गेली. डावी बाजू पुन्हा दबली. घड्याळजी मला बोटभर पुढे सरकवत, मग बोटभर मागे. "आता?" असं स्वतःलाच विचारत. माझंच काही चुकतंय असं वाटून मी लाकूड असूनही आणखी ताठ उभा राहायचा प्रयत्न करी.

एका रविवारी दुपारी त्यांची लेक आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. बापाला पोटावर झोपून ठोकळे सरकवताना बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, तारेतून वीज जाते. तिला काय फरशी टोचते?"

"तुला नाही कळायचं. मला ऐकू येतं."

"मग लावू या पैज. डोळ्यांवर रुमाल बांधा. मी वायर कधी ठोकळ्यांवर ठेवीन, कधी खाली. दहा वेळा. तुम्ही ओळखायचं."

"दहाच्या दहा ओळखीन. हरलीस तर भांडी तुझी."

"ती एरवीही माझीच असतात."

रुमाल बांधला. प्रत्येक वेळी गाण्याचा तोच तुकडा. ते सांगत, ती कागदावर लिही. सहा वेळा झालं. तीन बरोबर, तीन चूक. सातव्या वेळी तिने वायर माझ्या खाचेतून काढून खाली ठेवली, तेव्हा जरा ओढ बसली. स्पीकरच्या मागच्या चापातून तांब्याचं टोक सुटलं. ते फक्त मी पाहिलं. मला ओरडायचं होतं, पण लाकडाला तोंड कुठलं?

गाणं सुरू झालं. डावा स्पीकर मुका.

घड्याळजी हसले. "आता वर आहे. ऐक ना, डावीकडचं कसं मोकळं झालं."

लेकीची पेन्सिल थांबली. ती गुडघ्यांवर आली, डाव्या स्पीकरच्या जाळीला कान लावला. तुकडा संपेपर्यंत तशीच राहिली. मग सुई उचलून ती त्यांच्या डावीकडे गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा."

ते तसेच बसून होते.

ती उजवीकडे आली. तेवढ्याच आवाजात म्हणाली, "बाबा."

"काय गं? चुकलो का?"

"डावा स्पीकर बंदच होता, बाबा."

त्यांनी रुमाल सोडला. निसटलेलं तांब्याचं टोक बघितलं. मग उठून टेबलावरचं एक घड्याळ उचललं आणि डाव्या कानाला लावलं. बराच वेळ. मग उजव्या.

"किती दिवस उजव्यालाच लावत असेन," ते म्हणाले. "हात आपोआप जायचा. कळलंच नाही."

पैजेचे तीन डाव राहिले ते राहिलेच.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाची नस सुकली, परत यायची नाही. कानात घालायचं यंत्र मिळालं. बोलणं कळतं, पण गाणं पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं येतं, म्हणून गाण्याच्या वेळी ते काढून ठेवतात. ऐकून दुरुस्त करायची घड्याळं त्यांनी घेणं सोडलं. "डोळ्यांनी दिसेल तेवढंच करतो," असं गिऱ्हाइकाला सांगतात आणि मान खाली घालतात.

वायरी जमिनीवर उतरल्या. आवाजात तसूभर फरक पडला नाही. मित्रांनो, हे मीच कबूल करायला हवं. आम्ही कधी काही मोकळं केलंच नव्हतं. आम्हा आठांना एका खोक्यात भरून कपाटावर ठेवलं आहे. इतक्या वर्षांनी भाऊ अंगाला अंग लावून आहेत, आणि बोलायला कुणाकडे काही नाही.

खोक्याला एक फट आहे, तिच्यातून मला खोली दिसते. लेक आता दर रविवारी येते. खुर्च्या दोन असतात. पहिल्यांदा ती सवयीने डावीकडे बसली होती. मग उठली आणि खुर्ची उचलून पलीकडे घेऊन गेली.

मित्रांनो, मला धूळ लागते, लागू दे. पण तुमच्या घरात कुणी म्हणालं की आवाज दबतोय, तर वायरीवरून त्याच्याशी भांडत बसू नका. त्याला कुठल्या बाजूने ऐकू येतं ते बघा, आणि तुमची खुर्ची तिकडे न्या.