पोटात अडकलेला बॉम्ब

जर्मनांना तेल पुरवणाऱ्या प्लोएश्तीच्या तेलकारखान्यांवर बॉम्ब टाकून परतताना ऑर्विल टॅकेटने उजवीकडे पाहिलं. शेजारच्या विमानाचा पंख तुटून वेगळाच गिरक्या घेत होता. त्या विमानात त्याचा तंबूतला सोबती लायमन होता.

"हवाई छत्र्या दिसतायत का कुणाला?" पायलट ब्रेकने कानातल्या फोनवरून विचारलं.

"दोन," शेपटीतला तोफवाला ड्यूई म्हणाला. पुन्हा मोजून म्हणाला, "दोनच."

त्या विमानात दहाजण होते.

हळहळायला सवड नव्हती. ऑर्विल विमानाचा इंजिनियर, आणि चारांपैकी एक इंजिन बंद पडलेलं, दुसरं धापा टाकत होतं. विमान तांड्याच्या मागे पडलं होतं, उंची घटत होती. सर्बियाचे डोंगर पुढे उभे होते. तेवढ्यात बॉम्ब टाकणारा होइट ओरडला, "एक पडलाच नाही! मागचा आकडा सुटलाय, पुढचा धरून बसलाय. आणि नाकावरचा पंखा फिरतोय!"

तो चिमुकला पंखा पुरता फिरला की बॉम्ब जागा होतो. मग नुसता धक्काही पुरे. ऑर्विलने पाठीवरची छत्री उतरवली. ती घालून बॉम्बच्या कप्प्यातल्या अरुंद फटीतून जाता येत नसे. विमानाच्या पोटाच्या उघड्या दारांवरून गेलेल्या वीतभर रुंद फळीवर तो आडवा पडला. खाली नुसती हवा. हातमोज्याने पंखा धरवेना, म्हणून त्याने मोजा दातांनी ओढून काढला आणि उघड्या बोटांनी पाती घट्ट धरली. पात्याची धार बोटांत रुतली.

"आता आकडा बघ!"

होइट स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिडला. "हलतोय… हलतोय… सोडू?"

ऑर्विलने खाली पाहिलं. नदीकाठी लाल कौलांची घरं दाटीने उभी होती.

"थांब! खाली गाव आहे."

"वेडा झालास का? डोंगर आलाय समोर!"

"अरे, माणसं राहतात तिथं!"

"ऑर्विल, वजन टाक, नाहीतर आपण डोंगरात जाऊ," फोनवर ब्रेकचा आवाज चिरकला.

"लेफ्टनंट, जरा दम धरा. नदी संपू दे."

त्याला बोटं जाणवेनाशी झाली. रक्त वाऱ्याने मागे उडत होतं. गाव काही संपेना. होइट शिव्या घालत होता, पण त्याने आकडा सोडला नाही. शेवटी कौलं मागे सरली, जंगल आलं.

"आता!"

बॉम्ब निसटला. भार गेल्याबरोबर विमान उसळलं आणि झाडांच्या शेंड्यांवरून डोंगर पार झालं. होइटने ऑर्विलला पाय धरून आत ओढलं. "गाढवा," तो म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला.

ते इटलीतल्या तळावर कसेबसे उतरले. डॉक्टरांनी ऑर्विलच्या बोटांना टाके घातले आणि उड्डाण बंद केलं. दोनच दिवसांनी ब्रेक बाकीच्या सोबत्यांसह व्हिएन्नावर बॉम्ब टाकायला निघाला, दुसरं विमान आणि बदली इंजिनियर घेऊन.

"परत येतो तोवर बोटं हलवून ठेव," होइट विमानात चढताना म्हणाला.

दुपारी विमानं परतली, ब्रेकचं मात्र आलं नाही. शेवटचं उतरल्यावरही ऑर्विल धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. शेवटी मेकॅनिकने त्याला हाताला धरून नेलं. पानगळीच्या दिवसांत रेडक्रॉसकडून कळलं: होइट जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत आहे, जिवंत. बाकीच्यांची बातमी आली नाही.