आठ त्रिक चोवीस

मापाच्या भांड्यावरची निळी रेघ, आणि आतलं बरोबर त्या रेघेला टेकलेलं — केसभर वर नाही, खाली नाही. दोनशे चाळीस. त्यानं भांडं खिडकीपाशी उजेडात धरलं. शिंप्याचा डोळा, मापात फसायचा नाही... पण भांडं हाताला गार लागत होतं. लघवी गार नसते. उरलेलं माप लेकीनं नळाच्या पाण्यानं भरलं होतं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी परवाच हिशेब सांगितला होता. "वय सात, त्यात एक मिळवायचा, आठ. त्याला तीसनं गुणायचं. आठ त्रिक चोवीस, म्हणजे लघवीच्या पिशवीत दोनशे चाळीस मिली मावायला हवं. सुट्टीचे दोन दिवस दर वेळी मोजा नि लिहा." "वाढत्या अंगाचं धरता वाटतं, आमच्यासारखं," तो हसून म्हणाला होता. शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत लेक सगळं ऐकत होती.

कालचे आकडे वहीत आहेत : नव्वद. एकशे दहा. ऐंशी. म्हणजे आळस नव्हता, खोड नव्हती, पोरीची पिशवीच एवढीशी होती... आणि आपण काय केलं? रोज सकाळी ओली चादर पुढच्या गॅलरीत, रस्त्यावरून दिसेल अशी. घोडी झालीस, लाज नाही वाटत? "अहो, ती मुद्दाम करते का?" बायको म्हणायची, आणि मी — मी तिलाच गप्प करायचो, तूच लाडावून ठेवलीस म्हणून. लोकांच्या पोरींचे फ्रॉक दोन बोटं सैल शिवले मी. घरच्या पोरीला तेवढी सवड दिली नाही.

"बाबा, बरोबर आलं ना?"

ती दारात उभी होती. फ्रॉकची बाही कोपरापर्यंत ओली.

वहीत आता काय लिहायचं? दोनशे चाळीस लिहावं तर डॉक्टर फसणार, उपचार राहणार. खरं विचारावं तर ती चोर ठरणार, रोज सकाळी ठरायची तशीच. कमी आलं असतं तरी चाललं असतं गं... एवढंच तर म्हणायचं होतं. 

"हो," तो म्हणाला. "बरोबर आलं."

तिनं केवढा तरी श्वास सोडला. "पुढच्या वेळी याच्याहून जास्त आणते," ती म्हणाली. "मग रागावणार नाही ना तुम्ही?"

पेन उघडं, वहीतली ओळ कोरी. आपल्याला ती भिते हे त्याला माहीत होतं, त्या भिण्याला तो धाक म्हणायचा, थोडा अभिमानानंच म्हणायचा... आणि आज त्या ओल्या बाहीकडे बघता बघता त्याला स्वतःचीच भीती वाटली, तिला वाटत असेल तेवढी.