बाळंतपणांचा रकाना

"बाळंतपणं किती?" फॉर्मवरून नजर न उचलता सिस्टरनं विचारलं.

"एकही नाही."

पेन थांबलं. "अंग बाहेर आलंय ना तुमचं? मग?"

"मला जन्मतःच खालची वाट नव्हती. गर्भाची पिशवीही नाही," ती हळूच म्हणाली. "एकोणिसाव्या वर्षी ऑपरेशन करून आतड्याच्या तुकड्याची वाट करून दिली. तीच आता खाली उतरलीय."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी कान टवकारून ऐकत होती.

सत्तावीस वर्षं तिनं ही गोष्ट चारचौघांत ओठांबाहेर काढली नव्हती. "आपल्या दोघींच्या पोटातच राहू दे," असं आईनं बजावलं होतं. तरी लग्नाआधी तिनं नवऱ्याला सांगितलंच. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ब्रश पुसत म्हणाला, "मला तरी कुठं सरळ रेघ मारता येते?" त्या एका वाक्यावर तिनं संसार केला. हॉटेलच्या लॉन्ड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उचलता उचलता एक दिवस आत काहीतरी सरकलं, तेही तिनं वर्षभर अंगावर काढलं.

"वर उचलून कमरेमागच्या हाडाशी बांधून टाकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग ऑपरेशनच्या टेबलावर दिव्यांचा पांढरा गोल विरघळत गेला. दोरीवर चादरीच चादरी, वाऱ्यानं फुगलेल्या, पिसासारख्या हलक्या. त्यांच्यामधून ती चालत होती आणि ओटीपोटात कसलंच ओझं नव्हतं.

दोन दिवस असेच गुंगीत तरंगत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीनं कूस बदलली. तिचंही अंग उतरल्याचंच ऑपरेशन झालं होतं.

"माझं सात पोरांनी मिळून उतरवलं. तुझं गं कुणी?"

"ओल्या चादरींनी."

म्हातारी पोट धरून हसली. "हसवू नकोस मेले, टाके तुटतील!" चुकचुकली मात्र नाही.

भेटीच्या वेळेला म्हातारीच्या लेकी आल्या. धाकटीनं फणी काढली, तशी म्हातारी म्हणाली, "माझं राहू दे. आधी तिची वेणी घाल. हात वर करवत नाहीत तिला."

लेक तिच्या मागं येऊन बसली, गुंता हलक्या हातानं सोडवू लागली. आई गेल्यापासून त्या केसांत दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता. तिचे डोळे आपोआप मिटले.

नवरा थर्मास घेऊन दाराशी आला होता. शेवटचा पेड गुंफून होईपर्यंत तो तिथंच थांबला.