व्हायोलिनवाल्याची मान

हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी व्हायोलिन वाजवणारा तो माणूस त्याच्या चेहऱ्यासाठी प्रसिद्ध होता. वादनाबद्दल कुणी फारसं बोलत नसे. पण संथ धून सुरू झाली की त्याचे डोळे घट्ट मिटत, खालचा ओठ थरथरू लागे, आणि लांबलेल्या सुराच्या शेवटी तो असा काही श्वास आत ओढे की सूप पिणाऱ्यांचे चमचे वाटेतच थांबत. मॅनेजरनं त्याचं नावच 'दर्दी' ठेवलं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर एक वयस्कर बाई बऱ्याचदा एकट्या जेवायला येत. दर्दीनं डोळे मिटले की त्या रुमालात तोंड लपवत. "बघा," मॅनेजर नव्या पाहुण्यांच्या कानात सांगे, "आल्या की रडतात. एक दिवस चुकत नाही!"

खरी गोष्ट एवढीच होती की दर्दीची मान जळत होती.

हॉलमध्ये वाजवणाऱ्याची दाढी गुळगुळीत हवी, असा मॅनेजरचा दंडक होता. दर्दी दुपारी आडवा व्हायचा आणि उठायचा तो उशीर झाल्यावरच. मग शर्ट-पँट चढवून, गळ्याशी टॉवेल खोचून, गालांवरून गार पाण्याचा हात फिरवायचा आणि कधीतरी बदललेल्या ब्लेडनं खसाखसा दाढी उरकायचा. केस राहिले तिथं आणखी जोर. तरी राहिले तर खालून वर. शेवटी ओंजळभर लोशन थापलं की त्याच्या तोंडून जो आवाज निघे, तो ऐकून बायको आतून म्हणायची, "झाली वाटतं दाढी."

आणि त्या सोलवटलेल्या मानेवर, डाव्या जबड्याच्या अगदी खाली, दोन तास व्हायोलिन दाबून धरायचं. मानेवर लाल पुरळ, त्यात घाम, त्यावर लाकूड. दर्दी ओठ चावून वाजवत असे. लोक त्यालाच भावना म्हणत.

अशात त्याची आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्याच्या घरी राहायला आली. एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता. झालेल्या डोळ्यावर पांढरी पट्टी आणि न झालेल्यातून सगळं धुरकट. तरीही त्या संध्याकाळी दर्दी न्हाणीघरातून लोशनची बोंब ठोकून बाहेर आला, तेव्हा आत्यानं त्याला दारातच अडवलं आणि हनुवटी धरून मान वर केली. डोळ्यांनी काही दिसेना, म्हणून बोटं फिरवली.

"अरे, ही मान आहे की खवणी?"

"आत्या, दुखतंय!"

"दुखणारच. केस उगवतात एकीकडे आणि तू ओढतोस दुसरीकडे. कुणी शिकवलं तुला दाढी करायला?"

"कुणी शिकवलं म्हणजे? दाढी काय कुणी शिकवतं?"

आतोबा अंथरुणाला खिळल्यावर शेवटची कित्येक वर्षं त्यांची दाढी आत्यानंच केली होती, हे दर्दीला ठाऊक होतं, पण कधी डोक्यात आलं नव्हतं. आतोबांना बोलता येत नव्हतं. रेझर ओढला गेला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तेवढीच तक्रार. त्या डोळ्यांकडे बघत बघत ती शिकली होती.

"उद्या दिवसभर रेझरला हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "मॅनेजरला सांग, घरात मोठं माणूस आलंय, त्याचा हुकूम आहे. परवा सकाळी मी करीन तुझी दाढी."

दर्दीच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्या, तुला दिसत नाहीये!"

"दाढी बोटांनी दिसते."

बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्याकडून मदत मिळणार नाही, हे त्यानं ओळखलं.

परवाच्या सकाळी दर्दी खुर्चीत जीव मुठीत धरून बसला. आत्यानं त्याला आधी अंघोळ करून यायला लावलं होतं. मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्याच्या तोंडाला गुंडाळला आणि ती निवांत चहा प्यायला बसली.

"आत्या," टॉवेलमधून आवाज आला, "किती वेळ?"

"माझा चहा संपेपर्यंत. केस मऊ व्हायला हवेत. कडक केसाला जोर लागतो, आणि तो जोर कातडीला खायला लागतो."

चहा संपला. आत्यानं आतोबांचा जुना ब्रश बॅगेतून काढला, गरम पाण्यात बुडवून झटकला, साबणाच्या वडीवर घोळवला आणि वाटीत फेस करायला घेतला. दाट, चमच्यानं उचलता येईल असा. ब्रश त्याच्या गालांवर गोल गोल फिरू लागला, तेव्हा दर्दीला खरं म्हणजे झोप यायला लागली. तेवढ्यात आत्यानं रेझरमध्ये कोरं ब्लेड बसवलं आणि त्याची झोप उडाली.

"श्वास घे. आणि बोलू नकोस."

फेस लावण्याआधीच तिनं बोटांनी त्याची मान चाचपून ठेवली होती. उजवीकडचे केस खाली जात होते. डावीकडे, जिथं व्हायोलिन टेकायचं तिथं, वर जबड्याकडे. म्हणजे इतकी वर्षं वरून खाली ओढताना तो तिथं उलटाच जात होता, आणि मग राहिलेल्या केसांवर तिरका, आडवा, मिळेल तसा. आत्यानं एका हातानं कातडी हलकीच ताणली आणि दुसऱ्या हातानं रेझर नुसता टेकवला. दाबला नाही. बोटभर ओढला, पाण्यात खळबळून घेतला, पुन्हा बोटभर. डावीकडे आल्यावर दिशा बदलून खालून वर. सगळा फेस निघाल्यावर पुन्हा फेस आणि पुन्हा एक हात, या खेपेला आडवा.

"उलटा नाही मारायचा?" दर्दीनं ओठ न हलवता विचारलं. "गुळगुळीत होत नाही."

"तुझ्या गालावरून कुणी हात फिरवणार आहे का हॉटेलात?"

स्वयंपाकघरातून खुसखुस ऐकू आली.

शेवटी गार पाण्याचे सपकारे, ओल्या मानेवर तुरटीचा खडा, पुन्हा पाणी, आणि टॉवेल घासायचा नाही, नुसता टिपायचा. लोशनची बाटली आत्यानं स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकली. व्हायोलिनला हनुवटीशी लावायचा फडका बोटांत धरून हुंगला आणि दर्दीच्या बायकोच्या हाती दिला. "हा रोज धुवायचा. आणि दाढी सकाळी. संध्याकाळपर्यंत कातडीला जरा श्वास घेऊ दे."

थोड्याच दिवसांत पुरळ बसली. दर्दी सकाळी उठून स्वतःच फेस करू लागला, आत्या शेजारी स्टूलवर बसून कान देऊन ऐकायची आणि मधेच ओरडायची, "जोर लावलास! आवाज बदलला!" संध्याकाळी त्यानं व्हायोलिन मानेशी धरलं की काहीच व्हायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही. तो डोळे उघडे ठेवून, शांत चेहऱ्यानं वाजवू लागला.

आणि मॅनेजरनं त्याला खोलीत बोलावलं.

"काय झालंय तुम्हाला? घरी सगळं ठीक?"

"एकदम ठीक."

"तेच तर! वाजवताना तुम्ही बसस्टॉपवर उभे असल्यासारखे दिसता. दर्द कुठं गेला? त्या खिडकीजवळच्या बाईसुद्धा रडायच्या थांबल्या. आमच्या हॉलची शान होती ती!"

दर्दीनं मनावर घेतलं. घरी आरशासमोर उभा राहून ओठ थरथरवायचा सराव केला. बायकोनं विचारलं, "पोट बिघडलंय का?" हॉटेलात त्यानं डोळे मिटून मोठ्यानं श्वास ओढला, तर साथीला बसणाऱ्या पियानोवाल्याला इतकं हसू आलं की त्याचे दोन सूर भलतीकडेच पडले. मध्यंतरात पियानोवाला त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "हे थोबाड वेडंवाकडं करणं बंद कर बाबा. चांगलं वाजवायला लागलायस. आधी प्रत्येक सुराचं शेपूट तोडायचास. मी मागून पळत पळत यायचो."

"मी सूर तोडायचो?"

"दुखलं की माणूस सोडतोच. मला वाटायचं तुझी स्टाईलच आहे."

मॅनेजरला मात्र हे पटेना. शेवटी, एका संध्याकाळी, सोक्षमोक्ष लावायचा म्हणून तो दर्दीला घेऊन थेट खिडकीजवळच्या टेबलाशी गेला.

"बाई, माफ करा. आमच्या वादनात काही कमी पडतंय का? पूर्वी तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं."

बाई गोंधळल्या. "पाणी? अहो, मी रडत नव्हते. मला बघवायचं नाही!" त्या दर्दीकडे वळल्या. "केवढी लाल मान तुमची! त्यावर तुम्ही ते लाकूड टेकवलंत की माझ्याच अंगावर शहारा यायचा. म्हणून तोंड झाकायचे. संगीत आवडतं म्हणून येत होते हो, पण ऐकू कुठं यायचं? आता कशी छान झाली मान. काय लावलंत?"

मॅनेजरचा चेहरा पडला. दर्दी मात्र उत्साहानं गरम टॉवेलपासून सुरुवात करून तुरटीपर्यंत सगळं सांगत बसला. पुढच्या टेबलावरचे एक गृहस्थ खुर्ची सरकवून जवळ आले आणि त्यांनी कॉलर सैल करून आपली मान दाखवली. "केस कुठल्या दिशेला आहेत ते आधी बोटांनी बघा," दर्दी त्यांना म्हणाला.

"दर्दी," मॅनेजर दातओठ खात म्हणाला, "जेवणाचा हॉल आहे हा."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाली, तशी आत्या गावी परतायला निघाली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं हट्ट धरला, "मला ऐकायचंय तू काय वाजवतोस ते." दर्दीनं तिला पियानोच्या जवळच्या टेबलावर बसवलं, बायको तिच्या शेजारी. आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा मेनूकार्ड वाचलं, सगळं नीट दिसतं म्हणून मोठ्यानं वाचलं, आणि शेवटी नुसतं सूप मागवलं.

संथ धून सुरू झाली. आत्यानं पाठ खुर्चीला टेकली, हात मांडीवर ठेवले, आणि बघता बघता तिची मान एका बाजूला कलली. मग घोरण्याचा बारीक आवाज येऊ लागला.

बायको तिला हलवणार, तेवढ्यात दर्दीनं वाजवता वाजवताच डोळ्यांनी 'नको' म्हटलं. त्यानं आवाज आणखी खाली आणला. पियानोवाल्यानं ते हेरलं आणि पेडलवर पाय ठेवून स्वतःचाही आवाज मऊ केला. शेजारच्या टेबलावरच्यांनी आत्याकडे पाहिलं आणि आपली बोलणी थांबवली. वेटर चवड्यांवर चालू लागले. हळूहळू सगळा हॉल गप्प झाला, काटे-चमचेसुद्धा कुणी वाजवेना, आणि इतका वेळ एवढी शांतता का, म्हणून मॅनेजर घाबऱ्या घाबऱ्या दारात येऊन उभा राहिला.

बायकोनं त्याला बोटानंच खूण केली, की आवाज करू नका.